१९४८ चा बीबीसी रेडिओ: श्रोत्याची काळजी की नुसती मास्तरकी?

लाँगवेव्ह_१५००
युद्धानंतरच्या ब्रिटनमधल्या रेडिओची वेळापत्रकं वाचत बसलो होतो (हो, असलेही छंद असतात) आणि माझं ठाम मत झालंय की माणसांचा दिवस बघून इतकं नीट आखलेलं काम नंतर कुणी केलं नाही. १९४८ चा कुठलाही साधा दिवस घ्या. बीबीसीची तीन केंद्रं होती: हलक्याफुलक्या मनोरंजनाचं लाइट, बातम्या आणि सगळ्यांसाठीचं होम सर्व्हिस, जड अभिरुचीचं थर्ड. लाइट प्रोग्रॅम सकाळी ९ ला सुरू, ९.१० ला हाउसवाइव्ज चॉइस म्हणजे फर्माईश, साडेदहाला म्युझिक व्हाइल यू वर्क, ११ ला मिसेस डेल्स डायरी या मालिकेच्या कालच्या भागाचा रिपीट, दुपारी २ ला वुमन्स अवर, ४ ला मिसेस डेलचा नवा भाग, पावणेसातला डिक बार्टन ही साहसकथांची मालिका लागली की पोरं धावत घरात. होम सर्व्हिसवर ५ ला मुलांचा तास, ६ च्या बातम्या, रात्री ९ ला बिग बेनचे टोल आणि परत बातम्या. शिवाय संध्याकाळी ६ पासून थर्ड प्रोग्रॅम, अख्खी नाटकं, चेंबर म्युझिक, भाषणं. हे सगळं वर्षाला १ पौंड लायसन्समध्ये आणि तेही जिथे जुलै १९४८ पर्यंत पावसुद्धा रेशनवर होता तिथे.

त्यातलं म्युझिक व्हाइल यू वर्क बघा, १९४० पासून कारखान्यातल्या लाउडस्पीकरसाठी. संथ चाल नको कारण हात मंदावतात, शक्यतो गाणारा नको, आणि एक अमेरिकन गाणं ज्यात मधेच टाळ्या येतात ते युद्धात कामाच्या वेळी बंदच केलं, का तर कामगार हातातला पाना मशीनवर आपटायला लागतील. एवढा विचार आज कोण करतं?

ठाणेकरीण
अहो यालाच मास्तरकी म्हणतात! मालकाचं उत्पादन वाढावं म्हणून गाणी निवडली आणि तुम्हाला त्यात काळजी दिसतेय. आणि ते वेळापत्रक बायकांनी घरातच राहावं असं धरूनच केलेलं आहे ना, सकाळी फर्माईश, दुपारी डॉक्टरच्या बायकोची डायरी, जिला दर दोन दिवसांनी नवऱ्याची चिंता. युद्धात याच बायका कारखान्यात होत्या. वुमन्स अवर ऑक्टोबर १९४६ ला सुरू झालं तेव्हा त्याचा निवेदक कोण होता माहितीये? अ‍ॅलन आयव्हिमी. पुरुष!

लाँगवेव्ह_१५००
निवेदक पुरुष होता, मान्य. पण त्याच कार्यक्रमात १९४८ च्या सुमारास पाळी जाण्याबद्दल बोलले, भर दुपारी, लोकांच्या जेवणाच्या खोलीत, आणि वरच्या साहेबांना ते अजिबात रुचलं नव्हतं. तरी कार्यक्रम चालूच राहिला, आजही आहे. आखणाऱ्यांचा हेतू काहीही असो, बायकांनी त्या तासाचं काय केलं ते पण बघा की.

तिसरी_घंटा
मूळ गोष्ट बाजूलाच राहतेय. विल्यम हेली, तेव्हाचे डायरेक्टर जनरल, त्यांची कल्पना अशी की समाज म्हणजे पिरॅमिड, माणूस लाइटवर सुरुवात करणार, मग हळूहळू होमवर येणार आणि शेवटी थर्डपर्यंत चढणार. चढलं कोण? बहुतेक लोक लाइटवरच खूश, थर्डला शंभरातले एखाद-दोन. वर चौदा दिवसांचा नियम, म्हणजे संसदेत पुढच्या १४ दिवसांत ज्यावर चर्चा होणार त्यावर रेडिओवर चकार शब्द नाही. हा प्रकार १९५६ पर्यंत चालला. काळजी वगैरे ठीक आहे पण नागरिकाला मोठं समजणं यात कुठे दिसतं?

नगरी_बाणा
विनोदी कार्यक्रमांसाठी बीबीसीने केलेल्या नियमपुस्तकाबद्दल, म्हणजे ग्रीन बुकबद्दल कुणी बोललंच नाही अजून. संडासावर विनोद नको, हनिमूनवर नको, बायकांच्या आतल्या कपड्यांवर नको, सशांवर पण नको 😂 आणि आमच्या नगरला जन्मलेला, पुण्यात वाढलेला स्पाइक मिलिगन याच काळात, १९५१ ला, गून शो हा विनोदी कार्यक्रम घेऊन आला आणि पलटणीतली असली भाषा घुसवली की सैन्यात गेलेले लोक हसून लोळायचे, तपासणाऱ्या साहेबाला मात्र पत्ता नाही. मला तर वाटतं नियम नसते तर एवढी मजा आली नसती.

ठाणेकरीण
म्हणजे कुलूप चांगलं होतं, का तर चोर हुशार निघाला? काहीही हं.

तिसरी_घंटा
आणि लोक पळतच होते ना. जाहिरातींवर चालणाऱ्या परदेशी रेडिओ लक्झेंबर्गने १९४८ ला रविवारी रात्री ११ वाजता टॉप ट्वेंटी चालू केलं, आवाज येतोय-जातोय, मधे जाहिराती, तरी पोरं कान लावून ऐकायची. आपल्याकडे माहिती आणि प्रसारण मंत्री केसकरांच्या काळात आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना चाप बसला तेव्हा लोक सिलोनला गेलेच की, मग १९५७ ला विविध भारती काढावी लागली. आकाशवाणीची घडी लायनेल फील्डन या बीबीसीच्याच माणसाने बसवली होती, त्यामुळे दुखणंही तेच.

लाँगवेव्ह_१५००
लक्झेंबर्गला लोक गेले कारण तिथे गाणी होती, बरोबर. पण साबणवाल्याच्या पैशावर कवी डिलन थॉमसचं अंडर मिल्क वूड हे रेडिओनाटक लागलं असतं का हो? ते जानेवारी १९५४ ला थर्डवरच लागलं. ऐकणारे कमी असतील, पण कुणीतरी आधी ते मागवलं, पैसे दिले, माणसं दिली. बाजारावर सोडलं असतं तर झालंच नसतं.

ठाणेकरीण
मग त्याच थर्डचे तास १९५७ ला जवळजवळ निम्म्यावर कुणी आणले? साबणवाल्याने नाही, बीबीसीनेच.