२५ डॉलरचं ऑनलाइन कर्ज : मदत की सावकारी?

सीमोल्लंघन : इथे न्यू जर्सीत आमच्या मित्रमंडळींत यंदाचे पैसे कुठे द्यायचे यावर खल चाललाय. माझा आग्रह कीवासाठी आहे. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली संस्था, २५ डॉलरपासून कर्ज देता येतं. केनियातली भाजीवाली, फिलिपिन्समध्ये घराच्या पुढच्या खोलीत सारी-सारी म्हणजे छोटं किराणा दुकान चालवणारी बाई, आपण निवडायचं. फेड झाली की तेच पैसे दुसऱ्याला. आपण व्याज घेत नाही. घेणाराही मिंधा राहत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

हिशेबनीस : तुम्ही व्याज घेत नाही, पण ती भरते. कर्ज वाटते तिथली स्थानिक संस्था आणि व्याजही तीच लावते. वर्षाला तीस टक्क्यांच्या पुढचे दरसुद्धा आढळतात. शिवाय २००९ मध्ये सूक्ष्मकर्जाचे अभ्यासक डेव्हिड रूडमन यांनी दाखवून दिलं की फोटोतल्या बाईला कर्ज बहुतेक वेळा आधीच मिळालेलं असतं. तुमचे पैसे त्या संस्थेकडे मागाहून जातात.

सीमोल्लंघन : जाऊ देत की! त्याच पैशातून पुढची कर्जं निघतात. आणि दहा हजारांच्या वसुलीला माणूस तेवढेच हेलपाटे घालतो जेवढे लाखाच्या. तो खर्च कुठून निघणार? मधल्या संस्थेला वगळून थेट मोबाइलवर बिनव्याजी कर्ज देण्याचा प्रयोग कीवाने केनियात २०११ पासून करून पाहिला. शेवटी गुंडाळावा लागला.

माजी फिल्ड ऑफिसर : सोलापूर जिल्ह्यात हेच काम केलंय म्हणून सांगतो. ‘१८ टक्के’ ऐकलं की आधी विचारा, फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, की घटत्या मुद्दलावर? वर्षाच्या बारा हप्त्यांत फ्लॅट १८ म्हणजे घटत्यावर जवळपास ३२. बाईला हे कुणी समजावत नाही, तिला फक्त हप्त्याचा आकडा सांगतात. आणि परतफेडीचं प्रमाण नव्वदच्या वर म्हणून कौतुक होतं ना? कर्ज गटाला मिळून असतं, एकीचा हप्ता चुकला की गटाची मीटिंग सुटत नाही. बाकीच्या बायका रोजगार बुडवून ताटकळतात, मग कुणी वर्गणी काढून भरतं, कुणी कानातलं गहाण टाकतं. आमच्या वहीत मात्र ‘वसुली पूर्ण’. २०१० मध्ये आंध्रात याच दडपणाचा कडेलोट झाला, आत्महत्या झाल्या, सरकारला वटहुकूम काढावा लागला.

कोकणकन्या : मग पर्याय कोणता? आमच्या मंडईत सावकार पहाटे नऊशे हातावर ठेवतात आणि संध्याकाळी हजार मोजून घेतात. रोज! त्यापुढे वर्षाला ३२ टक्के कुणीही आनंदाने भरेल.

हिशेबनीस : सावकार सुटला तर चांगलंच. पण ‘गरिबीतून बाहेर’ हे म्हणू नका. हैदराबादच्या वस्त्यांत अर्थतज्ज्ञ बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अशा छोट्या कर्जांचा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी भांडवल वाढवलं. मुलांचं शिक्षण, आरोग्य, बायकांचा घरातला शब्द यांत ठळक फरक दिसला नाही.

कोकणकन्या : धंदा वाढला हे कमी आहे का? बँकेतून कर्ज काढणाऱ्या दुकानदाराला कुणी विचारतं का, तुझ्या बायकोचा घरात शब्द चालतो का म्हणून?

सीमोल्लंघन : अगदी! पण ऑफिसर साहेबांचा मुद्दा डोक्यातून जात नाही. कीवाच्या पानावर प्रत्येक स्थानिक संस्थेची माहिती असते. कर्जदाराला एकूण किती पडतं ते बघूनच पैसे देऊ.

माजी फिल्ड ऑफिसर : ते बघाच. आणि त्या संस्थेला एक पत्र टाका : हप्ता चुकलेल्या बाईच्या दारात तुमचा माणूस जातो तेव्हा काय बोलतो?