मदत हवी आहे: १२५ सीसीची सीबीएस (जोडलेले ब्रेक) बाईक घेऊ की १६० सीसीची एबीएस (चाक जाम होऊ न देणारे ब्रेक) बाईक?

रोज ४० किमी, वाटेत कात्रज घाट. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण चाक जाम व्हायचं थांबत नाही. सिंगल चॅनल एबीएस (एकाच चाकाला) पुढचं चाक जाम होण्यापासून वाचवतं, मागचं ओल्या उतारावर सरकू शकतं. तेव्हा गिअर खाली टाकून इंजिनवरच वेग तोडायचा, मागचा ब्रेक हलका, हे बरोबर ना? (क्लच दाबला की इंजिनचा हा रोध सुटतो, म्हणून तसं घाट उतरणारे दिसले की धडकी भरते.)

दुसरं, १६०च्या स्टिकरवर मागच्या टायरला डबलसीट ३२ पीएसआय हवा (दाब) लिहिलंय. पंक्चरवाला म्हणतो, पावसात २५ ठेवा, पकड वाढते. पण कमी हवेने टायरच्या खाचा दबतात, पाणी बाहेर पडत नाही. मी ३२च ठेवू ना? सीट ८०० मिमी उंच, माझे दोन्ही चवडे टेकतात, टाचा नाहीत. चढावर सिग्नलला थांबताना चालेल?