कॉमिक्स महाग झाली, पण पैसे वसूल होतात का? आपापले अनुभव लिहा

माळ्यावरची_ट्रंक
परवा भाचीच्या वाढदिवसाला पुस्तक घ्यायला कोल्हापुरात राजारामपुरीत गेलो. ३२ पानी रंगीत कॉमिक्स, मागं किंमत १५०. घेतलं. केक कापायच्या आधीच तिनं वाचून संपवलं आणि म्हणाली, "मामा, दुसरं?"

घरी येईपर्यंत डोक्यात एसटी स्टँडच होता. १९७९-८० चा सुमार. दिवाळीला गारगोटीला आजोळी जाताना वडील स्टँडवर एक इंद्रजाल कॉमिक्स घेऊन द्यायचे. मराठीतला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, रुपया-दीड रुपयाला. गाडी पोचेपर्यंत दोनदा वाचून व्हायचं. मग मामाची चार पोरं, शेजारची, पार गुऱ्हाळावरची पोरंसुद्धा वाचायची. परत येताना ते माझ्याकडं नसायचंच, बदल्यात पहिलं पान फाटलेलं दुसरंच कुठलंतरी असायचं.

१५० मला जास्त वाटले हे खरं. पण कशाच्या मानानं, ते सांगता येईना. खरेदीचे, भाड्याचे, रद्दीचे, कसलेही अनुभव चालतील.

गंगावेशकर
भाड्यानं! आमच्या गल्लीत एक काका जिन्याखाली दोरीवर कॉमिक्स टांगून बसायचे. घरी न्यायला दिवसाला २५ पैसे, तिथंच पायरीवर वाचलं तर १०. आम्ही तिघं चिकटून बसायचो, मधला पान उलटायचा, पैसे एकाचेच. काकांना सगळं दिसायचं. कधी बोलले नाहीत.

शाईचे_हात
२२ वर्षं छापखान्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लेखक, चित्रकार, रंग, प्लेटा हा खर्च हजार प्रती काढा नाहीतर पन्नास हजार, तेवढाच. प्रती कमी झाल्या की एकेका प्रतीवर बोजा चढतो. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं. पाठीशी मोठं वर्तमानपत्राचं घर होतं आणि एकच गोष्ट कितीतरी भाषांत निघायची. आज नुसत्या मराठीसाठी एवढ्या प्रती कोण काढणार?

दुसरं, पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून लोकांना वाटतं करच नाही. आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत कागदावर, आहे की! सप्टेंबर २०२५ पासून १२ चा १८ टक्के झाला. पुस्तक करमुक्त, त्यामुळं कागदावर भरलेला कर प्रकाशकाला परत मिळत नाही, तो किमतीतच जातो. वर वितरकाचं आणि दुकानदाराचं कमिशन. हे सगळं जाऊन चित्रकाराच्या हातात जे पडतं ते बघून वाईट वाटतं. १५० मध्ये त्याला जास्त मिळत असते तर मी २०० सुद्धा आनंदानं दिले असते.

फोडणी_ताई
कुकर लावलाय, पटकन लिहिते. मुलगा १३ चा, त्याला मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स लागतात. एक भाग ४९९! ओरडले त्याला. मग उघडून बघितलं, जवळजवळ २०० पानं, काळीपांढरी, उजवीकडून डावीकडं वाचायचं. एकेक भाग सहा-सात वेळा वाचतो, त्यातली चित्रं वहीत काढतो. त्या हिशेबानं वसूल आहे. पण एका गोष्टीचे वीस-पंचवीस भाग असतात हो! शेवट कळायला दहा-बारा हजार घालवायचे? हे नाही पटत. शिट्टी झाली, येते.

रंकाळा_फेरी
१५० म्हणजे दीड मिसळ.

गंगावेशकर
शंभरची मिसळ कुठं खातोस भावा? आमच्याकडं अजून ७० ला आहे, कट पाहिजे तेवढा.

रंकाळा_फेरी
ब्रेड का पाव?

गंगावेशकर
ब्रेडच. पाव मागितला की समजायचं पाहुणा आलाय.

कुंभारगल्ली
२०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी आलं. सिलिंडर, टीव्ही, धान्य वर नेलं. कॉटखालची पेटी राहिली. भावाची कॉमिक्स होती त्यात, पन्नासच्या वर. पाणी उतरल्यावर उघडली तर सगळी मिळून एक वीट झालेली. पानं सुटेनात.

भाऊ त्याच्या चार वर्षं आधीच गेला होता. त्याला इंद्रजालमधला बहादूर फार आवडायचा. एक तरी अंक मिळावा म्हणून ऑनलाइन शोधला, दोन हजार सांगितले. दिले. आला तो नवीन कागदावर काढलेली झेरॉक्स. विकणाऱ्यानं नंतर फोनच उचलला नाही. पैशांपेक्षा तो कागदाचा वास नव्हता, त्याचं जास्त लागलं.

शाईचे_हात
ताई, वाईट झालं. पुढच्या वेळी घेण्याआधी मधल्या पिना आणि पानाची कड यांचे जवळून फोटो मागा. जुना कागद कडेनं पिवळा पडतो, पिनांना गंज असतो. मला पाठवा, बघून सांगतो.

वाचनमंदिर_सभासद
आमच्याकडं घरी कॉमिक्स कधी विकत आलीच नाहीत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, आमचे आजोबा सभासद, वडील सभासद, मी पण. वाचायचं ते तिथून आणायचं. आता मुलीच्या वर्गातल्या पाचजणी मिळून घेतात, शनिवारी अदलाबदल. प्रत्येकीला ३० रुपयाला पडतं. फक्त एकीचा धाकटा भाऊ पानं खातो.

माळ्यावरची_ट्रंक
कुंभारगल्ली ताई, तुमचं वाचून ट्रंक उतरवली. बहादूर एक आहे. शेवटचं पान नाही आणि वर आमच्या मामेभावानं पेनानं मिशा काढल्यात. पण कागद तोच आहे. पैसे नकोत. रविवारी भवानी मंडपात येता का?

कुंभारगल्ली
येते दादा.

फोडणी_ताई
आले. भात जरा लागला. मुलगा मागं उभा राहून सगळं वाचतोय, विचारतोय वेताळ पण उजवीकडूनच वाचायचा का?