२८ ऑक्टोबरचे लष्करी संचलन: अथेन्स की थेसालोनिकी?

प्रश्न
नमस्कार. ऑक्टोबरअखेरीस आम्ही चौघे ग्रीसला जात आहोत. वडील सैन्यातून निवृत्त झालेले असून २८ ऑक्टोबरचे लष्करी संचलन पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे. त्या दिवशी आमचा मुक्काम अथेन्सला आहे. तिकीट अगोदर काढावे लागते का, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते झेपेल का, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
आपल्या बेतात मुख्य अडचण तिकिटाची नसून शहराची आहे. १९४० साली इटलीच्या मुसोलिनीचा निर्वाणीचा खलिता ग्रीसचे पंतप्रधान मेटाक्सास यांनी धुडकावला, त्या दिवसाचे मोठे लष्करी संचलन थेसालोनिकीत होते. अथेन्समध्ये त्या दिवशी शाळकरी मुलांचे संचलन असते. राजधानीतले लष्करी संचलन २५ मार्चला, म्हणजे १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या स्मृतिदिनी होते. थेसालोनिकीत २६ ऑक्टोबर हा नगराचे रक्षक संत दिमित्रिओस यांचा सण आणि १९१२ मध्ये ऑटोमन सत्तेतून शहर मुक्त झाल्याचाही दिवस असल्यामुळे त्या दिवसांत हॉटेले लवकर भरतात. तेव्हा जायचे ठरल्यास खोली आजच पाहावी.

संचलन समुद्रकिनाऱ्याजवळच्या मेगालू अलेक्झांड्रू मार्गावर, सकाळी अकराच्या सुमारास सुरू होते. दिल्लीच्या २६ जानेवारीसारखी सामान्य प्रेक्षकांसाठी तिकिटाची पद्धत नाही; मान्यवरांचा मंच सोडला तर सर्वांनी अडथळ्यांमागे पदपथावर उभे राहायचे असते. पुढची जागा हवी असेल तर दीड तास आधी पोहोचणे बरे. पायदळाच्या तुकड्यांबरोबर रणगाडे आणि चिलखती वाहने येतात, आणि हवामान अनुकूल असेल तर विमाने व हेलिकॉप्टरेही. सैनिकाच्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला हेच आवडेल, म्हणून माझे मत थेसालोनिकीच्या बाजूने आहे.

मूळ प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मात्र विमानाची तिकिटे बदलता येणार नाहीत, आणि अथेन्सहून सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास वडिलांना त्रासदायक होईल. अथेन्समध्येच राहिलो तर त्यांना काय दाखवता येईल?

प्रतिसाद २
मग अथेन्सच बरे, आणि त्यात कमीपणा मानू नये. मुलांचे संचलन सिन्ताग्मा चौकात, संसदेसमोर होते. निळ्या-पांढऱ्या ध्वजामागून चालणाऱ्या शाळांना पाहायला पालकांची आणि आजी-आजोबांची गर्दी असते. अशा दिवशी सिन्ताग्माचे मेट्रो स्थानक सुरक्षेसाठी बंद ठेवले जाते, म्हणून आक्रोपोली किंवा मोनास्तिराकी स्थानकावर उतरून चालत यावे. वडिलांसाठी घडीचे स्टूल सोबत घ्यावे.

त्यांना खरे समाधान मिळेल ते मात्र संसदेसमोरच्याच अज्ञात सैनिकाच्या स्मारकापाशी. तेथे इव्हझोन, म्हणजे ग्रीसच्या राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलाचे, पहारेकरी दर तासाला बदलतात, आणि रविवारी सकाळी अकराला पूर्ण गणवेशातली तुकडी बँडसह येते. चुण्यांचा पांढरा फुस्तानेला (घागऱ्यासारखे पारंपरिक वस्त्र) आणि काळा गोंडा लावलेले जाडजूड बूट लांबूनही दिसतात, पण त्या बुटांच्या तळाचे खिळे संगमरवरावर एका तालात आपटतात तो आवाज ऐकण्यासाठी जवळ उभे राहावे. पहारेकऱ्याशेजारी छायाचित्र काढता येते. त्याला स्पर्श करू नये, आणि हास्यास्पद आविर्भावही करू नयेत, कारण तेथील अधिकारी लगेच हटकतो.

शिवाय २८ ऑक्टोबरला आक्रोपोलिसला, म्हणजे टेकडीवरच्या प्राचीन अवशेषांना, प्रवेश मोफत असतो. गर्दी अर्थातच वाढते, त्यामुळे संचलनानंतर वडिलांना जेवण व विश्रांती देऊन वर जावे, आणि बंद होण्याची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी.