मदत हवी आहे: जुनी टाटा ४०७, जनरेटरची ट्रॉली ओढताना चढावर तापते

नमस्कार मंडळी,

आमचा ठाण्यात मंडप आणि जनरेटर भाड्याने द्यायचा धंदा आहे. बाबांनी घेतलेली टाटा ४०७ अजून कामावर आहे, बिनटर्बोची, जुन्या मेकॅनिकल पंपाची. तिच्या मागे ट्रॉलीवरचा ६२.५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर ओढतो. ट्रॉलीसकट वजन दोन टनांच्या आसपास भरतं. वर हौद्यात केबल, लाइटचे स्टँड, कधी बांबू.

त्रास असा आहे. सपाट रस्त्यावर काहीच नाही. ठाणे-बेलापूर रोडने तुर्भ्यापर्यंत जा, तापमानाचा काटा मधोमध. पण घोडबंदरला गायमुखचा चढ लागला, किंवा मुंब्रा बायपास चढायला घेतला, की काटा वर सरकतो. त्यात पुढे एखादा भरलेला कंटेनर रांगत असला तर थेट लालच्या कडेला जातो. चढ संपून उतार लागला की थोड्या वेळात आपोआप खाली येतो. ट्रॉली जोडलेली नसेल तर त्याच चढावर, त्याच भर दुपारी काही होत नाही. थंडीत ट्रॉलीसकटही ठीक चालत होती, एप्रिल लागला आणि हे सुरू झालं.

आत्तापर्यंत पाहिलेलं: सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पातळी बघतो, पाणी कमी होत नाही. ऑइलच्या दांडीवर पांढरा फेस नाही. बेल्ट नवा आणि ताणही बरोबर आहे. हवेचा फिल्टर बदललाय. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, गाडीत नाही, मागे कधीतरी एका मिस्त्रींनी "आपल्या हवेत याचं काय काम" म्हणून काढून टाकला होता.

एक गॅरेजवाले म्हणतात रेडिएटर नवा टाका. दुसरे म्हणतात हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, गेलंय, हेड खोलू. ऐन लग्नसराईत हेड खोलायचं म्हणजे गाडी उभीच. आणि पैशांपेक्षा मला काळजी आहे ती गाडी चालवणाऱ्या काकांची. बाबांच्या वेळेपासून तेच चालवतात, आता साठीला आलेत. ४०७ मध्ये इंजिन जवळजवळ मांडीला लागून असतं. गायमुखला धड बाजूला घ्यायला जागा नाही, मागे ट्रॉली, त्यामागे हॉर्न वाजवणारी रांग. तिथे पाणी उकळलं तर त्यांनी करायचं काय?

पुढची कामं कर्जतकडे आणि मुरबाडच्या पुढे आहेत. हेड न खोलता गॅसकेटचं नक्की कसं कळेल? थर्मोस्टॅट परत बसवावा का? आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद १

आधी काटा खरं बोलतोय का ते बघा. हजार रुपयांच्या आसपास टेंपरेचर गन मिळते. चढ संपताच सुरक्षित जागी थांबून, इंजिन चालू ठेवून, जिथून पाणी इंजिनाबाहेर पडतं त्या हाउसिंगवर धरा. ८५-९५ असेल तर घाबरू नका. १०५ च्या वर असेल तर गाडी खरंच तापतेय. हेडलाइट लावल्यावर काटा टुणकन वर जात असेल तर दोष अर्थिंगचा. तीच गन रेडिएटरच्या जाळीवर आडवी-उभी फिरवा. मध्येच थंड पट्टे सापडले तर तेवढ्या नळ्या आतून चोक आहेत.

प्रतिसाद २

दादा, हेड खोलू नका. निदान आत्ता तरी नाही. माझी उमर वर्कशॉपमध्ये गेली म्हणून हक्काने सांगतो.

तुम्ही स्वतःच अर्धं निदान लिहिलंय. रिकामी गाडी तापत नाही, सपाटीला ट्रॉलीसकट तापत नाही. चढावर ट्रॉली असली की पंप भरपूर डिझेल देतो, म्हणजे उष्णता भरपूर, आणि गाडीचा वेग मात्र पंधरा-वीस. सपाटीला समोरून वारा फुकट मिळतो. चढावर पंखा जेवढी हवा ओढेल तेवढीच. म्हणून आधी हवेची बाजू बघा, पाण्याची नंतर.

पंख्याभोवतीचं कव्हर, म्हणजे श्राउड, जागेवर आहे का? जुन्या गाड्यांत बेल्ट बदलताना अडचण होते म्हणून ते काढतात आणि परत लावतच नाहीत. ते नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत बसतो. दुसरं, रेडिएटरच्या पुढे काय काय लावलंय? दगड लागू नये म्हणून मच्छरदाणीसारखी बारीक जाळी, जास्तीचे हॉर्न, पाटी, सगळं काढा. रेडिएटरचे बारीक पंख खराट्याने घासू नका. इंजिनाच्या बाजूने पुढे, असा हलक्या दाबाने पाण्याचा फवारा मारा. पुढून मारलात तर माती आणखी आत बसेल, आणि प्रेशर वॉशरने पंख आडवे होतील.

आता थर्मोस्टॅट. काढल्याने गाडी थंड राहते हा समज फार पसरलाय. बऱ्याच डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना खालच्या चकतीने बायपासचं भोक बंद करतो, म्हणून सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढला की ते भोक कायम उघडं. थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून थेट इंजिनात परत येतं. एरवी जाणवत नाही, लोडवर मात्र अंगाशी येतं. तुमच्या इंजिनाला लागणारा दोन चकत्यांचा असेल तर नक्की बसवा, त्याच अंशांचा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून त्यात टांगा आणि डोळ्यांनी बघा कुठे उघडतोय.

गॅसकेटसाठी: इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून स्टार्ट करा. थोडी रेस दिल्यावरही पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून मिनिटभरातच वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला, तर शंका घ्यायची. बारीक चीर कधीकधी फक्त लोडवर उघडते, म्हणून रंग बदलणाऱ्या लिक्विडची टेस्टही करून घ्या. पण तुमचं पाणी कमी होत नाही, हे गॅसकेटच्या विरुद्ध जातं.

प्रतिसाद ३

मी न्हावाशेवाहून कंटेनर घेऊन बोरघाट चढायचो. काकांना माहीत असेलच, तरी लिहितो. चढ लागायच्या आधीच गिअर खाली घ्या. तिसऱ्यात घुसमटवत नेण्यापेक्षा दुसऱ्यात मोकळी पळू द्या. पंखा आणि वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर फिरतात, फेरे पडले की दोन्ही बसतात. पुढच्या कंटेनरला चिकटू नका, अंतर ठेवा, म्हणजे सारखं थांबून उचलावं लागणार नाही.

काटा लालला टेकायच्या आधी जागा शोधा. थांबलात की लगेच बंद करू नका. न्यूट्रल, हँडब्रेक, गाडीच्या आणि ट्रॉलीच्या चाकाखाली ठोकळे, आणि इंजिन आयडलच्या थोडं वर चालू ठेवा. पाणी बाहेर फेकलं असेल तरच बंद करायचं. झाकणाला हात लावायचा नाही, तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचं नाही. हेडला चीर तिथेच जाते.

प्रतिसाद ४

कूलंट टाका की राव, कोणी लिहिलंच नाही. सगळे बोअरचं पाणी टाकतात आणि मग रेडिएटर चोक म्हणून रडतात.

प्रतिसाद २ कडून उत्तर

बरोबर आहे, पण नुसतं कूलंट टाकून हा चढ सुटणार नाही. उष्णता वाहून न्यायला साधं पाणीच सरस असतं. कूलंटचं काम गंज आणि क्षार रोखायचं, आणि उकळायचा अंश वर न्यायचा. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, डिस्टिल्ड पाण्यात ३० टक्के पुरे. त्याहून महत्त्वाचं झाकण. ते साधारण १ बार दाब धरत असेल तर साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं असेल तर १०० लाच. जुनं झाकण आधी बदला. खालचा होज पाइपही बघा, मऊ पडला असेल तर रेस दिल्यावर आत चेपतो आणि पाणी अडतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर गाडीखालीच होतो.

श्राउडचा खालचा अर्धा भाग गाडीत नाहीच, स्क्रूची भोकं तेवढी उरलीत. पुढे बारीक जाळी होती आणि तिच्यामागे खालच्या कोपऱ्यात केरसुणीच्या काड्या, किडे आणि चिखल यांचा हाताच्या पंजाएवढा थर. जाळी काढली, आतून फवारा मारला, बाहेर पडलेलं पाणी बराच वेळ लाल-काळंच होतं. कळव्याला पत्र्याचं काम करणाऱ्यांकडून श्राउडचा तुकडा करून घेतला, पंख्याला न लागेल एवढं अंतर ठेवून. दोन चकत्यांचा थर्मोस्टॅट मिळाला, पातेल्यात बघून बसवला. झाकण नवीन. बुडबुड्यांची आणि लिक्विडची टेस्ट केली, दोन्ही स्वच्छ. हेड खोलायचं रद्द.

आज दुपारी काका ट्रॉली जोडून गायमुख चढले, दुसऱ्यात, अंतर ठेवून. काटा मध्यापेक्षा जरा वर गेला आणि तिथेच थांबला. वर पोचल्यावर गनने ९४ दाखवलं.

एक गोष्ट राहिली. गनने बघितलं तर रेडिएटरच्या उजव्या बाजूला दोन थंड पट्टे आहेत. जुना तांब्याचा आहे, टाकायचं मन होत नाही आणि मुरबाडचा लांब चढही याच्यावर सोडवत नाही. टाक्या खोलून नळ्यांतून सळई फिरवून देणारे, आणि डाग नीट लावणारे, कळवा ते रबाळे पट्ट्यात कोणाच्या माहितीत आहेत का? दोन दिवसांत काम करून देणारे हवेत, पुढचं बुकिंग शनिवारचं आहे.