लुसेकत्तर दगडासारखे होतात, गुरुवारच्या आत उपाय हवा

शनिवार, ८ डिसेंबर २०१८
किस्ताकर लिहितात:

नमस्कार मंडळी,

येत्या गुरुवारी, १३ तारखेला लुसिया, म्हणजे इथला स्वीडनचा दिव्यांचा सण, आणि ऑफिसात फीकाची (कॉफी आणि खाऊची) पाळी नेमकी माझी. मोठ्या तोऱ्यात सांगून बसले की लुसेकत्तर, म्हणजे या सणाचे एस आकाराचे केशरी गोड पाव, घरीच करून आणते. आज रंगीत तालीम केली. रंग झकास, केशराचा वास जिन्यापर्यंत, पण पाव टेबलावर ठेवला की टक्क वाजतो. नवऱ्याने चहात बुडवून दोन खाल्ले आणि "खारी म्हणून उत्तम" असं प्रमाणपत्र दिलं.

केलं ते असं: दुधात लोणी वितळवलं, गरम असतानाच त्यात यीस्ट कालवलं, केशराच्या काड्या तशाच टाकल्या, साखर घातली, आणि हाताला चिकटेनासं होईपर्यंत मैदा घालत गेले. २२५ अंशांवर १५ मिनिटं भाजलं. चुकलं कुठे?

दुसरी अडचण. सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत. १३ ला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. संध्याकाळी उपवास सोडताना एखादा लुसेकत्त खाऊन बघायची त्यांची इच्छा आहे, पण अंडं चालत नाही. शिवाय यीस्टबद्दल त्यांना शंका आहे. "ते जिवंत असतं म्हणे?" यावर काय सांगू?

किस्ताकर


रविवार, ९ डिसेंबर २०१८
सोल्नाकर लिहितात:

अगं, पहिल्या वर्षी माझेही असेच झाले होते. शेजारच्या आजींनी तोंडदेखलं कौतुक केलं आणि अर्धा बशीत ठेवून गेल्या!

तुझा हात पोळीचा आहे, तिथेच सगळं आलं. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की पीठ हाताला चिकटलं म्हणजे सैल झालं, घाला आणखी पीठ. या पावाचं पीठ चिकटलंच पाहिजे. ओट्यावर घेतलं की जरासं पसरलं पाहिजे, पुरणपोळीच्या कणकेसारखं. मैदा घालायचा मोह झाला की दोन्ही हात मागे बांध आणि दहा मिनिटं नुसतं मळत राहा. मळता मळता ते आपोआप भांड्याची कड सोडतं.

अर्ध्या घाण्याचं माप देते, पंधरा-सोळा होतात. दूध अडीच डेसिलिटर (एक डेसिलिटर म्हणजे १०० मिली), लोणी ७५ ग्रॅम, ताजं यीस्ट २५ ग्रॅम (म्हणजे अर्धी वडी, गोड पिठासाठी म्हणून लिहिलेली घे, जास्त साखरेत साधं यीस्ट मंदावतं), केसेल्ला १२५ ग्रॅम, साखर एक डेसिलिटर, चिमूट मीठ, केशर अर्धा ग्रॅम, मैदा सुमारे आठ डेसिलिटर. त्यातला एक डेसिलिटर बाजूला ठेवून सुरुवात कर. केसेल्ला म्हणजे आपल्या चक्क्याचाच भाऊ. केशराने पाव कोरडा पडतो असं इथली प्रत्येक बाई सांगते, आणि त्यावरचा उपाय म्हणून हा चक्का. मला विचारशील तर दोष केशराचा कमी आणि जास्तीच्या मैद्याचा जास्त, पण चक्का घालतेच.

दूध कोमट म्हणजे कोमट, ३७ अंश. करंगळी बुडवलीस तर गार-गरम काहीच कळायला नको. ताप मोजायचं थर्मामीटर आहे ना घरात? तू गरम दुधात यीस्ट कालवलंस, तिथेच निम्मं मेलं असणार.

केशर असं टाकून देऊ नकोस, सोन्याच्या भावाचं आहे. वाटी गरम करून गॅसवरून उतरव, त्यात काड्या मिनिटभर ठेव. कुरकुरीत होतात. मग चमचाभर साखरेबरोबर खलात कूट, आपण श्रीखंडाला करतो तसं, आणि दोन चमचे कोमट दुधात रात्रभर ठेव. इथली दुकानातली अर्ध्या ग्रॅमची पाकिटं बहुतेक दळलेलीच असतात, त्यांना एवढं करावं लागत नाही.

भाजायचं सहा ते आठ मिनिटं, एक मिनिट वर नाही. ओव्हनसमोर उभी राहा, फोन घेऊ नकोस.

अंड्याचं म्हणशील, तर पिठात घालायची गरजच नाही. अंडं फक्त वरून चकाकीसाठी फासतात. त्याऐवजी दूध फास, आणि बाहेर काढल्यावर गरम असतानाच वितळवलेलं लोणी लाव. सासूबाईंना सांग, यीस्टचं काम विरजणासारखंच, आणि विरजण त्या आयुष्यभर लावत आल्यात.

हो, आणि १३ ला चंपाषष्ठीसुद्धा आहे. साताऱ्याकडचे म्हणजे पालीचा खंडोबा असणार. वांगी आणून ठेव.

सोल्नाकर काकू


रविवार, ९ डिसेंबर २०१८, रात्री
लुंडकर लिहितात:

काकू, दुधात कसलं केशर भिजवताय? इथे चमचाभर कोन्याकमध्ये, म्हणजे ब्रँडीत, भिजवतात, रंग दुप्पट उतरतो. (सासूबाईंच्या ताटात तो नको, कबूल.)

माझी आई वसईची. नाताळात आमच्याकडे फुगे व्हायचे. मैदा, अंडी, नारळाचं दूध, साखर, आणि पीठ फुगवायला ताडी. मूठभर पीठ घेऊन मूठ आवळायची, अंगठ्याशी जो गोळा वर येतो तो सरळ गरम तेलात सोडायचा. पुढे ताडी जाऊन यीस्ट आलं. आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली की वास गेला. तेव्हा ताई, सासूबाईंपुढे ताडीचा विषय काढू नका, विरजणावरच थांबा.

आणि १३ डिसेंबरच का, हे ऑफिसात कुणी विचारलंच तर: जुन्या कालगणनेत हीच वर्षातली सर्वांत मोठी रात्र मानत. स्वीडनने १७५३ साली दिनदर्शिका बदलली, सण मात्र १३ लाच राहिला. आपणही उत्तरायण डिसेंबरात सुरू झालं तरी तिळगूळ जानेवारीतच वाटतो की.

लुंडकर


सोमवार, १० डिसेंबर २०१८
सोल्नाकर लिहितात:

कोन्याकवाल्यांनो, गप्प बसा.

किस्ताकर, एक राहिलं. बेदाणे अर्धा तास कोमट पाण्यात भिजव आणि वळून झाल्यावर बोटाने तळापर्यंत खुपस. नुसते वर ठेवलेस तर फुगताना बाहेर पडतात आणि जळून कडू होतात. आणि बुधवारी रात्रीच भाजून घे. किंचित कोमट असतानाच पिशवीत भरून फ्रीजरला टाक, गुरुवारी सकाळी काढ. उघडे राहिले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खारी!


शुक्रवार, १४ डिसेंबर २०१८
किस्ताकर लिहितात:

काकू, जमले!

पीठ इतकं चिकट होतं की दोनदा मैद्याच्या पिशवीकडे हात गेला. दोन्ही वेळा सासूबाईंनीच पिशवी उचलून कपाटात ठेवली, तुमचा मेल मी त्यांना वाचून दाखवला होता ना. वळायचं कामही त्यांनीच काढून घेतलं. माझी सुरळी मध्येच जाड, मध्येच बारीक. त्यांनी चकलीच्या हाताने सरळ दोरी ओढली, एक टोक इकडून आणि एक तिकडून गुंडाळलं, की झाला एस. सोळाच्या सोळा सारखे. साडेसहा मिनिटांत काढले.

ऑफिसात सकाळी नऊला, बाहेर जेमतेम उजाडलेलं, कँटीनमध्ये दिवे मालवून कुणाच्या तरी शाळकरी मुली डोक्यावर दिव्यांचे मुकुट घालून गात आल्या. माझा डबा गाणं संपायच्या आत रिकामा. टीममधल्या एकाने विचारलं, यात केशर किती घातलंस, एवढा वास? पाकिटातलं नव्हतं, सासूबाईंनी बटव्यातून आणलेलं होतं.

संध्याकाळी लक्ष्मीची पूजा झाली. त्याच ओव्हनमध्ये वांगी भाजली, मग रोडगे. खंडोबाला भरीत-रोडगा दाखवला, शेजारी एक लुसेकत्त. नावाचा अर्थ त्यांनी विचारला, मी म्हटलं कत्त म्हणजे मांजर. "मांजराचा नैवेद्य दाखवायचा का देवाला?" म्हणून थोडा वेळ पंचाईत झाली. शेवटी त्यांनीच त्याचं नाव केशरी रोडगा ठेवलं, आणि उपवास सोडताना दोन खाल्ले.

आता त्यांना साताऱ्याला जाताना यीस्ट न्यायचंय. ताज्या वड्या प्रवासात टिकतील का, की कोरडंच देऊ?

किस्ताकर


शुक्रवार, १४ डिसेंबर २०१८
सोल्नाकर लिहितात:

कोरडंच दे. आणि बटव्यात केशर उरलं असेल तर तुझ्या किस्ताहून माझं सोल्ना मेट्रोने फार लांब नाही.