तारकीय दोलन, कंपन की तारककंप?

प्रश्न : सूर्यासारख्या ताऱ्यांवरच्या लेखांत एकाच गोष्टीला कुठे 'तारकीय दोलन', कुठे 'कंपन', तर कुठे 'तारककंप' म्हटलेलं दिसतं. तिन्ही समानार्थी मानायचे का?

उत्तर : तिसरा तरी नको. 'कंप' म्हटला की भूकंप डोळ्यांसमोर येतो: ताण साचला, मोकळा झाला, संपलं. न्यूट्रॉन ताऱ्याचं (मोठा तारा संपल्यावर उरलेल्या अतिघन गोळ्याचं) कठीण कवच तडकतं त्याला तारककंप म्हणावं. सूर्याला कवच कुठलं? तिथे पृष्ठाखाली खदखदणारा वायू अखंड ध्वनिलहरी उठवतो, त्या आतच कोंडतात आणि पृष्ठ साधारण ५ मिनिटांच्या आवर्तनाने खालीवर होत राहतं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट लेटन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हे टिपलं.

> मग 'कंपन' का नको? ताणलेल्या तारेचं कंपनच म्हणतो की आपण.

चालेल, माझी हरकत नाही. पृष्ठाच्या खालीवर होण्याला मला 'दोलन' जास्त शोभतं, एवढंच. आणि तारेचं उदाहरण इथे चपखल बसतं, कारण तारा एकाच वेळी असंख्य सुरांत वाजतो. सूर्याच्या बाबतीत या सुरांच्या वारंवारतांमधलं ठरावीक अंतर सुमारे १३५ मायक्रोहर्ट्झ (हर्ट्झचा दहा लाखावा भाग; हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक आवर्तन) आहे. ते सरासरी घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं, म्हणजे तारा फुगला की अंतर आक्रसतं. सगळ्यांत जोरकस सूर कुठे लागतो (सूर्याचा ३१०० मायक्रोहर्ट्झच्या आसपास) त्यावरून पृष्ठावरचं गुरुत्व कळतं. जोडीला तापमान घेतलं की वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही हाती येतात. वय काढायला सुरांमधलंच, पण वरच्या ठरावीक अंतराहून बारीक असं दुसरं अंतर बघतात. गाभ्यात हेलियम साचत जातं तसं ते कमी होतं. १६ सिग्नी या जोडताऱ्याचं सुमारे ७ अब्ज वर्षं हे वय केपलर या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींतून असंच निघालं.

आणखी एक : खरा घोळ 'गुरुत्व लहरीं'चा आहे. ताऱ्याच्या आत प्लावक बलामुळे (हलका वायू वर ढकलणाऱ्या बलामुळे) उठणाऱ्या लहरींनाही हेच नाव देतात, आणि वाचकाला आठवतात त्या कृष्णविवरांच्या टकरीतल्या गुरुत्वीय लहरी. दोन्हींचा काडीचा संबंध नाही. पहिलीला सरळ 'प्लावक लहरी' म्हणावं. सूर्यासारख्या ताऱ्यात त्या खोल आत अडकून पडतात. तांबड्या राक्षसी ताऱ्यांत (उतारवयात फुगलेल्या ताऱ्यांत) मात्र ध्वनिलहरींशी मिसळून पृष्ठावर जाणवतात, आणि गाभ्यात हेलियम पेटलाय की नाही हे त्यांच्यावरूनच ओळखता येतं.